पुढच्या सीटवरचा थर्मास

डॉक्टरांच्या गाडीत पुढच्या सीटवर मी कधीही बसलो नाही. ती जागा थर्मासची होती. झाकणाला पोचा आलेला तो स्टीलचा थर्मास चालकाशेजारी उभा असे, त्याला सीटबेल्ट लावलेला असे आणि गाडीच्या हीटरचा झोत त्याच्यावर रोखलेला असे. मी मागे बसे, काच खाली करून. कारण बाहेर ऑस्ट्रेलियातले फेब्रुवारीचे, म्हणजे भर उन्हाळ्यातले, ऊन रणरणत असले तरी आत हीटर चालूच राही. वेरिबीहून आमच्या फीडलॉटला जायला चार तास लागतात. ते चार तास मी घामाने निथळत एका थर्मासचा मानमरातब पाहत असे.

"डॉक्टर, आतली ऊब टिकावी म्हणूनच थर्मास असतो ना?" मी एकदा म्हणालो.

"थर्मासवर माझा विश्वास आहे. झाकणावर नाही."

"मग झाकण नवं घ्या."

"नव्या झाकणावर तर मुळीच नाही."

यातली खरी कमाल पुढे आहे. जाताना त्या थर्मासमध्ये नुसते कोमट पाणी असे. जो द्रव आणायचा तो येताना मिळणार; पण भांड्याला वाटेत गारठा लागू नये, म्हणून जातानाही पट्टा आणि जातानाही हीटर. मी मुळात हळू बोलणारा माणूस. माझा राग बाहेर पडत नाही, आत मुरतो. त्या मागच्या सीटवर तो वर्षानुवर्षे मुरला.

येताना त्या थर्मासमध्ये बैलाच्या पोटातले पाणी असे, आमच्या वेरिबीच्या प्रयोगशाळेसाठी. सभ्य लोकांत हे वाक्य उच्चारण्याची पाळी माझ्यावर अनेकदा आली आहे, म्हणून ते आता सवयीने सांगून टाकतो. फीडलॉट म्हणजे गवतावर वाढलेली जनावरे शेवटचे काही महिने दाण्यावर ठेवून मांसासाठी पुष्ट करण्याचे ठिकाण. आम्ही दोघे तिथल्या जनावरांचा आहार पाहत असू. डॉक्टर मुख्य, मी त्यांच्या हाताखाली. जनावराच्या पोटाचा पहिला, पखालीएवढा कप्पा म्हणजे कोटीपोट. त्यात अगणित सूक्ष्मजीव राहतात आणि चारा खरे तर तेच पचवतात. डॉक्टर त्यांना बिऱ्हाडकरू म्हणत.

"आपण जनावराला खायला घालत नाही," ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. "बिऱ्हाडकरूंना घालतो. ते जेवून जे उरवतात त्यावर घरमालक जगतो."

गवतावर जगणारे बिऱ्हाडकरू वेगळे, दाण्यावर जगणारे वेगळे. जनावराला गवतावरून एकदम दाण्यावर आणले तर दाणेवाले बेसुमार माजतात, आम्ल सोडतात, जुनी बिऱ्हाडे मरतात, पोट आंबते आणि जनावर आडवे होते. म्हणून दाणा पायरीपायरीने वाढवायचा. साधारण तीन आठवडे. इथवर डॉक्टरांचे म्हणणे साऱ्या जगाला मान्य आहे. माझी तक्रार आहे ती पुढच्या भागाबद्दल. या माणसाने तोच नियम सगळ्या आयुष्याला लावला.

मी सांगलीकडून इथे आलो, तेव्हा त्यांनी मला पहिले तीन आठवडे मीटिंगमध्ये बोलू दिले नाही. "नुसता बस. ऐक. पुढच्या आठवड्यात एक प्रश्न विचार, सोपा." क्लेटनच्या विद्यापीठात शिकायला आलेली मराठी मुले कुणाच्या तरी ओळखीने त्यांच्या घरी पहिले जेवण जेवायला येत. पिझ्झाची स्वप्ने पाहत आलेल्या त्या पोरांपुढे वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, मऊ भात आणि मेतकूट ठेवत.

"काका, मी ऑलरेडी युनीच्या कॅफेत बर्गर खाल्लाय," एक मुलगी म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "पूर्ण?"

"हो."

"निदान अर्धा तरी ठेवायचास गं."

नवी गाडी घेतली तेव्हा ते पहिला महिना तिला फ्रीवेवर नेईनात. मागचे ट्रक भोंगे वाजवत, आणि डॉक्टर आतल्या रस्त्याने कासवाच्या गतीने जात म्हणत, "इंजिनालाही पोट असतं." वहिनींना मी विचारले, तुम्ही हे कसे सहन करता? त्या म्हणाल्या, "मला मागणी घातली तेव्हा पहिल्या भेटीत नुसतं नाव विचारलं. दुसऱ्या भेटीत गाव. माझे वडील म्हणाले, हा मुलगा लग्न करणार आहे की जनगणना?"

आणि मग माझ्या वडिलांचा प्रसंग. मी तेव्हा एकटाच फीडलॉटवर होतो. तिथे फोनला धड रेंज नसे. धाकट्या भावाने सांगलीहून माझ्या घरी कळवले, माझ्या पत्नीने डॉक्टरांना, आणि डॉक्टर गाडी घेऊन मला न्यायला आले. मी मागे बसलो. पहिला तासभर त्यांनी सांगलीच्या हवेची चौकशी केली. दुसऱ्या तासात म्हणाले, "बाबांना काल जरा दम लागला म्हणे." पेट्रोल भरताना म्हणाले, "दवाखान्यात न्यावं लागलं." मी फोन मागितला; बॅटरी गेली आहे, म्हणाले. पुढच्या गावापाशी, "तिथल्या डॉक्टरांना फारशी आशा वाटत नाही." आणि वेरिबीच्या फाट्याला गाडी वळवताना, आरशात माझ्याकडे न पाहता, "गेले रे. पहाटेच गेले."

घरी माझी बॅग भरलेली होती. विमानाचे तिकीट काढलेले होते. पत्नीला, मुलाला, वहिनींना, सर्वांना ठाऊक होते. चार तास मला एकट्यालाच ठाऊक नव्हते.

"तुम्ही मला चार तास फसवलंत," मी म्हणालो. आवाज तेव्हाही चढला नाही.

"एकदम दिलं असतं तर पचलं नसतं."

"डॉक्टर, मी बैल नाही."

"नाहीस ना," ते म्हणाले. "बैल निदान रवंथ तरी करतो."

त्या उत्तरावर मी अनेक वर्षे विचार केला आहे. माझ्या दुःखावर दुसऱ्याने पायऱ्या बांधाव्यात, हे मला तेव्हा मान्य नव्हते आणि आजही पुरते मान्य नाही. माणसाला त्याची बातमी त्याच्या हक्काने मिळाली पाहिजे. पण त्या प्रवासातली प्रत्येक पायरी मला अजून जशीच्या तशी आठवते, आणि घरी पोचल्यावर मी कोसळलो नव्हतो, हेही खरे आहे. या दोन गोष्टी मला आजवर एका जागी ठेवता आलेल्या नाहीत.

चारचौघांत त्यांच्यासोबत जाणे हा आणखी एक ताप. आपण मांसाच्या धंद्यात आहोत हे मराठी मंडळींत मी शक्यतो बोलत नसे. 'ॲनिमल हेल्थ' म्हणून मोकळा होई. एका सत्यनारायणाला यजमानीणबाईंनी कौतुकाने विचारले, "काका, तुम्ही गाईंची सेवा करता ना?"

"लठ्ठ करतो," डॉक्टर म्हणाले.

"अय्या! मग पुढे?"

"मग लोक खातात."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. गुरुजींनीही पोथीवरून मान वर केली. डॉक्टर स्वतः अंडेही खात नसत, पण ते काही त्यांनी सांगितले नाही. यजमानांचा सात-आठ वर्षांचा मुलगा तेवढा पुढे सरकला. "काका, दॅट्स सो ग्रोस. विच पार्ट?" तेव्हा डॉक्टरांनी त्याला मांडीवर घेऊन त्याच्याच पोटातल्या बिऱ्हाडांची माहिती दिली, सविस्तर, आरती सुरू होईपर्यंत. ते घर त्यानंतर आम्हाला कधी बोलावीना.

थर्मासमधला द्रव यायचा तो एकाच बैलाकडून. काळा, उंच, शांत. फीडलॉटमधली बाकीची जनावरे येत आणि जात. हा एकटा कायमचा. त्याच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रियेने खिडकी ठेवलेली होती, रबरी बूच बसवलेली. बूच काढायचे, हात आत घालायचा, मूठभर ओला चारा कपड्यात पिळून घ्यायचा. बैल तेवढ्यात मान वळवून पाही आणि पुन्हा खाऊ लागे. तो आयुष्यभर गवतावर राहिला. त्याच्या पोटातली वस्ती निरोगी. एखाद्या जनावराचे पोट बिघडले की त्याच्या घशातून नळी घालून हा द्रव सोडायचा, म्हणजे उजाड पोटात पुन्हा वस्ती होते. डॉक्टर त्या द्रवाला विरजण म्हणत आणि बैलाला म्हातारा. आधी ते द्रवाचा वास घेत, मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून डोळा लावत आणि म्हणत, "गर्दी आहे. छान गर्दी आहे."

मॅनेजरला मात्र म्हातारा डोळ्यांत खुपे. मॅनेजर हा उंचापुरा, दिलदार आणि उतावळा ऑस्ट्रेलियन. या बैलाचे वजन वाढत नाही, तो विकता येत नाही, उलट सगळ्यांत चांगले गवत तोच खातो. "डॉक, म्हाताऱ्याला आता जायला हवं, मेट," तो दर भेटीत म्हणे. "हल्ली हे सगळं पावडरमध्ये मिळतं. पाकीट फोडायचं, झालं. नो वरीज." शेवटी त्याने डॉक्टरांना बजावले: या हिवाळ्यात म्हाताऱ्याने आपला उपयोग दाखवला नाही, तर वसंतात तो इथे नसेल.

डॉक्टरांनी काय करावे? काहीही नाही. मी म्हटले, पावडरीशी तुलना करून दाखवू, मीटिंगमध्ये मांडू. ते म्हणाले, "घाई नको." तो बैल जगावा असे त्यांना वाटत होते याबद्दल मला शंका नव्हती, जेवणाच्या सुट्टीत ते त्याच्या कुंपणाला टेकून डबा खात. पण त्याच्यासाठी एक शब्दही वेळेवर बोलायला ते तयार नव्हते. त्या हिवाळ्यात माझी चिडचिड इतकी झाली, की पत्नीने माझ्यापुढेही मऊ भात ठेवायला सुरुवात केली.

मग एका दुपारी गवताचा ट्रक आला नाही. तेव्हा दहा-अकरा दिवसांपूर्वी आलेला एक कळप दाण्याच्या पायऱ्यांत निम्म्या वाटेवर होता. गवत नाही, दाणा भरपूर आहे. मॅनेजरने दोन पायऱ्या गाळून त्यांना पुढचा दाणा घातला. आम्ही तिथे आहोत हे ठाऊक असूनही विचारले नाही, कारण विचारले असते तर उत्तर काय आले असते हेही त्याला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सूर्य कलताना तो धावत आला. अकरा बैल खाली माना घालून उभे होते. आणखी दोन आडवे झाले होते.

डॉक्टरांनी जाऊन पाहिले. एकाच्या तोंडाचा आंबूस वास घेतला. कळपाचा दाणा काढायला लावला, आम्ल मारायला खाण्याचा सोडा पाजायला लावला. मग मॅनेजर म्हणाला, "आणि तुझा तो ज्यूस, डॉक. बादलीभर काढ. मी गाडी लावतो."

डॉक्टरांनी पश्चिमेकडे पाहिले. सूर्य कुंपणाला टेकला होता. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर देत नाहीत."

मला वाटले, ते थट्टा करताहेत. "डॉक्टर, अहो, जनावरं मरताहेत."

"दिसतंय मला."

"तुम्ही शास्त्रज्ञ आहात!"

"माझी आई नव्हती. पण तिचं दही कधी बिघडलं नाही."

"व्हॉट्स ही सेइंग?" मॅनेजरने मला विचारले.

मी काय सांगणार? माझ्या आजीच्या चुलीजवळचा नियम एका फीडलॉटच्या मॅनेजरला कोणत्या भाषेत समजावू? आमच्याकडे संध्याकाळी शेजारीण वाटी घेऊन आली तर तिला साखर मिळे. विरजण, मीठ सकाळी. मी म्हणालो, "ते म्हणताहेत, द्रव आत्ता बाहेर काढून नेणं योग्य नाही."

"फॉर गॉड्स सेक! का?"

डॉक्टरांनी म्हाताऱ्याच्या कुंपणाचे फाटक स्वतः उघडले. "बाहेर द्यायचं नसतं," ते मला म्हणाले, आणि त्यांचा स्वर पाढा म्हणावा तसा सपाट होता. "घरात पाहुणा आला, तर त्याला वाढायचं नाही असं कुणी सांगितलंय? त्यांना इकडे आण."

अकरा आजारी बैल अर्धे शेत ओलांडून एका म्हाताऱ्या बैलाच्या अंगणात आणणे म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही. ते चार पावले चालत आणि थांबत. मॅनेजर शिव्या घालत होता, त्याची दोन माणसे मागून रेटत होती, आणि मी मनातल्या मनात डॉक्टरांना असे काही बोलत होतो जे लिहिणे मला शोभणार नाही. आडवे पडलेले दोघे उठलेच नाहीत. ते तिथेच गेले. बाकीचे फाटकातून आत आले. डॉक्टर बाही दंडापर्यंत गुंडाळून म्हाताऱ्याच्या कुशीशी उभे होते. एका हाताने काढत, कपड्यात पिळत, आणि वाफाळता द्रव लगेच नळीतून शेजारच्या बैलाच्या पोटात. मध्ये बादली नाही, गाडी नाही, थंड हवा नाही. म्हातारा पेंढीतले गवत चघळत उभा होता. पंगतीत वाढावे तसे एकेकाला वाढून झाले.

आत आलेल्या त्या अकरांतले नऊ वाचले. द्रव ताजा आणि गरम मिळाला म्हणून, की सोड्यामुळे, की चालल्यामुळे, हे मला सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारले तर म्हणाले, "पाहुण्यांना विचार." मॅनेजर मात्र त्यानंतर पावडरीबद्दल बोलला नाही. पुढच्या सकाळी तो म्हाताऱ्याच्या कुंपणाशी थांबला, टोपी मागे सरकवली आणि म्हणाला, "गुड ऑन या, ओल्ड मेट." वसंत आला, म्हातारा तिथेच होता. मला इतकेच खटकते की हा बैल वाचला तो एका अशा हट्टामुळे, ज्याचे समर्थन मी कोणत्याही मीटिंगमध्ये करू शकलो नसतो.

पुढे डॉक्टर निवृत्त झाले. मग वेरिबीतल्या घरात, न्हाणीघरात घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. चालणे काठीवर, प्रवास बंद. त्यांचा रोज सकाळी मला फोन येई, माझा चहा व्हायच्या आत.

"म्हातारा जेवला का?"

"जेवला, डॉक्टर."

"रवंथ करताना पाहिलास?"

"पाहिला."

"डावीकडून की उजवीकडून?"

मी ऑफिसमध्ये, चार तासांवर, आणि हे विचारताहेत बैल कुठल्या बाजूने चघळतो. मग मी फीडलॉटला फोन लावी, तिथला माणूस हसे, जाऊन पाही, आणि मी उलट फोन करून सांगे: डावीकडून.

यंदाच्या शिशिरात म्हाताऱ्याचे दात संपले. गवत त्याला चावेना. काही दिवस तोंडाशी धरलेले तेवढे तो खाई, नंतर त्याला उठता येईना; सकाळच्या फोनवर मी मात्र 'जेवला' एवढेच सांगत राहिलो. आता त्याला ओढत ठेवू नये, असे फीडलॉटच्या पशुवैद्य बाईंनी कळवले. त्या आपली फेरी संपवून संध्याकाळी त्याला अखेरची सुई द्यायला येणार होत्या. मी सकाळीच निघालो. बरोबर थर्मास होता; वहिनींनी तो मला कधीच देऊन टाकला होता. आमच्या वेरिबीच्या गोठ्यात नुकतीच एका तरुण बैलाच्या कुशीला खिडकी ठेवली होती. वस्ती तिकडे न्यायची होती. काम उरकून मी सायंकाळनंतर परतलो आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो.

ते खुर्चीत बसले होते, पायावर पांघरूण. सबंध वाटेवर मी ठरवत आलो होतो की एका वाक्यात सांगायचे. माणसाला त्याची बातमी हक्काने मिळाली पाहिजे. मी बसलो, पाणी प्यालो, आणि माझ्या तोंडून निघाले:

"म्हाताऱ्याचं खाणं थोडं कमी झालंय, डॉक्टर."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी पुढची पायरी जुळवत होतो, इतक्यात त्यांनी हात वर केला.

"थांब. आज एवढंच. उरलेलं उद्या सांग."

मला पुन्हा यावे लागणार होते. दुसऱ्या दिवशी माझी मीटिंग होती. ती मी पुढे ढकलली आणि कारण सांगता आले नाही म्हणून खोटे सांगितले. दुपारी पोचलो. वहिनींनी दार उघडले आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. डॉक्टरांनी दाढी केलेली होती. आदल्या दिवशीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. चहा आला. अर्धा कप झाल्यावर ते म्हणाले,

"विरजण काढून ठेवलंस?"

"ठेवलं."

"केव्हा?"

"दुपारी. चांगलं ऊन होतं."

त्यांनी मान हलवली. कप बशीत ठेवला. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची मुले सायकली फिरवत होती. ती वळणापलीकडे जाईपर्यंत ते पाहत राहिले. मग म्हणाले,

"आणि पट्टा?"

"लावला होता, डॉक्टर," मी म्हणालो. "पुढच्या सीटवर."